तक्रार केली म्हणून कंपनीनेच दावा ठोकला, तर अँटी-स्लॅप कायदा कामी येतो का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो बरोबर कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. तुम्ही सॅन होजेमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत सहा वर्षं होता. बाळंतपणाच्या रजेवरून परत आलात तेव्हा तुमची टीम दुसऱ्याच्या हाताखाली गेलेली होती, आणि चार महिन्यांत नोकरीही गेली. तुम्ही एचआरकडे लेखी तक्रार केली होती; पुढे राज्याच्या सिव्हिल राइट्स डिपार्टमेंटकडेही केली. मग लिंक्डइनवर एक पोस्ट लिहिली आणि दोन-तीन जुन्या सहकाऱ्यांना व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवले. आता कंपनीने सांता क्लारा काउंटीच्या सुपीरियर कोर्टात तुमच्यावरच दावा लावलाय: अब्रुनुकसानी, गोपनीयतेच्या कराराचा भंग आणि कंपनीच्या फाइली नेणं. समन्स हातात पडून तीन आठवडे झालेत. मित्र म्हणतात, "अँटी-स्लॅप लाव, केस पहिल्या फटक्यात उडेल आणि वर कंपनीच तुझ्या वकिलाचे पैसे भरेल." कंपनीच्या वकिलाचं पत्र म्हणतं की तुम्ही भेदभावाचा दावा केलात तर आम्हीच अँटी-स्लॅपचा अर्ज करू आणि आमची फी तुमच्याकडून वसूल करू. मग बोलणाऱ्याला गप्प बसवण्यासाठी लावलेल्या दाव्यांविरुद्धचा हा कायदा आहे तरी कोणाच्या बाजूचा?

ज्याच्यावर दावा झालाय, त्याच्या बाजूचा. कंपनीच्या दाव्यात तुम्ही प्रतिवादी आहात, म्हणून तिथे तो तुमच्या हातात आहे. तुमच्या दाव्यात कंपनी प्रतिवादी असेल, म्हणून तिथे तो तिच्या हातात जाईल. पण हातात असणं वेगळं आणि लागू पडणं वेगळं. तुमच्या मित्रांनी आणि कंपनीच्या वकिलाने दोघांनीही हे दुसरं गाळलंय.

मी गेली 19 वर्षं कॅलिफोर्नियात नोकरीचे खटले लढते, बहुतेक वेळा कर्मचाऱ्यांच्या बाजूने. खाली लिहितेय ते या राज्यापुरतं. संपूर्ण अमेरिकेला लागू असा अँटी-स्लॅप कायदा नाही. राज्याराज्यात तो वेगळा आहे आणि काही राज्यांत मुळीच नाही. तुमची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत, त्यामुळे काही ठिकाणी "हे त्यावर अवलंबून आहे" असंच म्हणावं लागेल.

स्लॅप म्हणजे "स्ट्रॅटेजिक लॉसूट अगेन्स्ट पब्लिक पार्टिसिपेशन". डेन्व्हर विद्यापीठातले जॉर्ज प्रिंग आणि पेनेलोप कॅनन या दोन प्राध्यापकांनी 1980 च्या दशकात हे नाव रूढ केलं. सार्वजनिक प्रश्नावर बोलणाऱ्या किंवा सरकारदरबारी तक्रार करणाऱ्या साध्या माणसावर बडी असामी दावा लावते. जिंकणं हा मूळ उद्देश नसतोच. माणूस खर्चाने आणि धास्तीने गप्प बसावा, एवढंच हवं असतं. कॅलिफोर्नियाने यावर 1992 मध्ये कायदा केला, तो दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 425.16. त्यानुसार प्रतिवादी सुरुवातीलाच अर्ज करून म्हणू शकतो की हा दावा माझ्या बोलण्याच्या किंवा दाद मागण्याच्या हक्कावर उठलाय, तो रद्द करा.

कोर्ट या अर्जावर दोन पायऱ्यांनी जातं. पहिल्या पायरीवर प्रतिवादीने दाखवायचं की ज्या कृतीबद्दल माझ्याकडून भरपाई मागताय, ती कृतीच कायद्याने संरक्षित आहे: कोर्टात किंवा सरकारी खात्यापुढे केलेलं विधान, तिथे चालू असलेल्या विषयाबद्दलचं विधान, किंवा सार्वजनिक प्रश्नावरचं बोलणं. ते दाखवलं की ओझं वादीवर जातं. वादीने दुसऱ्या पायरीवर पुराव्यानिशी दाखवायचं की माझ्या दाव्यात निदान किमान दम आहे. तो नसेल तर तेवढा भाग रद्द.

सगळं घोडं पहिल्या पायरीवर अडतं, आणि ते हेतूमुळे. तुम्ही लिहिलंय, "त्यांनी सूड म्हणून दावा लावला हे उघड आहे, तक्रारीनंतर सहाच आठवड्यांत!" मला ते पटतं. पण पहिल्या पायरीवर कोर्ट ते विचारतच नाही. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सिटी ऑफ कोटाटीच्या खटल्यात सांगितलं की दावा एखाद्या संरक्षित कृतीनंतर आला, किंवा तिला उत्तर म्हणून आला, एवढ्याने तो तिच्यातून "उद्भवला" असं होत नाही. बघायचं ते हे की भरपाई नेमकी कोणत्या कृतीबद्दल मागितलीय. म्हणून दावा आला की मी आधी रागाने भरलेली पानं बाजूला ठेवते आणि कृती शोधायला बसते.

मागे एक बाई ऑफिसात आल्या होत्या, हातात स्टेपल केलेला 14 पानांचा दावा. त्यांनी प्रत्येक खोट्या वाक्याखाली लाल पेनाने रेघ मारली होती. पान न पान लाल. मी त्यांना दुसरी कोरी प्रत दिली, पिवळा आणि निळा असे दोन हायलायटर दिले, आणि म्हटलं, खरंखोटं विसरा. जिथे तुम्ही काही बोललात किंवा लिहिलंत म्हणून पैसे मागितलेत तिथे पिवळा, जिथे तुम्ही काही केलंत म्हणून मागितलेत तिथे निळा. अर्ध्या तासात चित्र स्पष्ट झालं. अब्रुनुकसानीचा भाग जवळजवळ पूर्ण पिवळा होता, आणि कंपनीच्या लॅपटॉपवरून मजकूर पुसल्याचा भाग पूर्ण निळा. अर्ज आम्ही फक्त पिवळ्यावर केला. तुम्हीही हेच आधी करा. एकाच मुद्द्यात संरक्षित आणि असंरक्षित गोष्टी मिसळलेल्या असल्या तरी संरक्षित तेवढा भाग काढून टाकता येतो, हे 2016 च्या बराल विरुद्ध श्निट निकालापासून पक्कं झालंय.

आता तुमचे एकेक मुद्दे.

सिव्हिल राइट्स डिपार्टमेंटकडची तक्रार ही तुमची सगळ्यात भक्कम जागा. 2022 पर्यंत याच खात्याचं नाव फेअर एम्प्लॉयमेंट अँड हाउसिंग होतं. सरकारी खात्यापुढचं विधान असल्याने पहिली पायरी सहज पार होते. दुसऱ्या पायरीवर दिवाणी संहितेचं कलम 47 उपकलम ब आडवं उभं असतं: अशा कार्यवाहीतल्या विधानांवर अब्रुनुकसानीचा दावा चालतच नाही. कंपनीने या तक्रारीतल्या मजकुरावर भरपाई मागितली असेल, तर तो भाग टिकेल असं मला वाटत नाही.

एचआरकडच्या तक्रारीबाबत मात्र लोक हमखास फसतात. खासगी कंपनीची अंतर्गत चौकशी ही "अधिकृत कार्यवाही" नव्हे, असं अपील कोर्टाने 2006 मध्ये ओलाएस विरुद्ध नेशनवाइड खटल्यात म्हटलंय. तिथे प्रकरण उलटं होतं. लैंगिक छळाच्या तक्रारीवरून काढलेल्या कर्मचाऱ्याने कंपनीवर बदनामीचा दावा केला, आणि कंपनीने अँटी-स्लॅपची ढाल पुढे केली. कोर्टाने ती मानली नाही. म्हणजे एचआरला पाठवलेली मेल आपोआप संरक्षित होत नाही. पण ती मेल लिहिताना तुम्ही सरकारी तक्रारीचा किंवा खटल्याचा खरोखर, गंभीरपणे विचार करत होतात हे कागदावर दिसत असेल, तर ती त्या कार्यवाहीची पूर्वतयारी म्हणून संरक्षित ठरू शकते. "वकिलाशी बोलतेय" असं एखादं वाक्य त्या मेलमध्ये आहे का ते बघा. अशी वाक्यं माझ्या कामात सोन्याच्या भावाची असतात.

लिंक्डइनची पोस्ट. ती जाहीर जागा आहे यात वाद नाही. वाद "सार्वजनिक प्रश्न" या दोन शब्दांवर होईल. 2003 चा रिव्हेरो खटला याबाबत आजही डोळ्यासमोर ठेवावा लागतो. बर्कली विद्यापीठातल्या आठ सफाई कामगारांच्या पर्यवेक्षकाबद्दल युनियनने पत्रकं वाटली होती. कोर्ट म्हणालं, आठ माणसांचा आणि त्यांच्या वरिष्ठाचा झगडा हा सार्वजनिक प्रश्न नव्हे. त्यामुळे तुम्ही "बाळंतपणाहून परतणाऱ्या बायकांना या कंपनीत बाजूला सारलं जातं, माझ्याबरोबर हे घडलं" असं लिहिलं असेल तर पाया बरा आहे. "माझा मॅनेजर एक नंबरचा लबाड" एवढंच असेल तर पहिली पायरी अवघड आहे. पण अशी वाक्यं पुष्कळदा वस्तुस्थितीचं विधान न मानता मत मानली जातात, त्यामुळे बचाव दुसऱ्या वाटेने होतो.

इथेच तुमच्या कामाची एक नवी गोष्ट आहे, आणि ती बऱ्याच वकिलांच्याही ध्यानात नसते. 1 जानेवारी 2024 पासून दिवाणी संहितेत कलम 47.1 आलंय. लैंगिक अत्याचार, छळ किंवा भेदभाव यांच्याबद्दल दुष्ट हेतूशिवाय केलेलं कथन त्याने संरक्षित झालं, मग तुम्ही रीतसर तक्रार केलेली असो वा नसो; तक्रारीला वाजवी आधार होता एवढं पुरतं. अशा कथनावरून कोणी अब्रुनुकसानीचा दावा केला आणि प्रतिवादी जिंकला, तर त्याला वकिलाची फी मिळते, शिवाय त्या दाव्यामुळे झालेल्या नुकसानीच्या तिप्पट भरपाई मागता येते. कामाच्या ठिकाणचा भेदभाव यात स्पष्टपणे आहे आणि गरोदरपणावरून केलेला भेदभाव हा या राज्यात भेदभावच आहे. तुमच्या उत्तरात हे कलम पहिल्या पानावर यायला हवं.

व्हॉट्सॲपचे मेसेज कोणाला आणि कशासाठी गेले, त्यावर ठरेल. "तुझ्याबाबतीतही असंच झालं होतं ना, साक्ष देशील का?" हा मेसेज संभाव्य साक्षीदाराला आहे, तो खटल्याच्या तयारीचा भाग मानला जाऊ शकतो. नुसतं मन मोकळं केलेले मेसेज त्यात बसणार नाहीत.

आणि फाइली. हा तुमचा निळा भाग, आणि मला काळजी याचीच आहे. फाइल कॉपी करणं म्हणजे बोलणं नव्हे. मात्र त्यातही एक फट आहे. फॉक्स सर्चलाइट विरुद्ध पॅलाडिनो या 2001 च्या निकालात कंपनीच्याच माजी वकीलबाईंनी नोकरी गेल्यावर आपल्या केससाठी गोपनीय माहिती स्वतःच्या वकिलांना दिली होती. कंपनीने त्याबद्दल दावा केला, तो अँटी-स्लॅपखाली टिकला नाही. आपल्या वकिलाला माहिती देणं हा दाद मागण्याचाच भाग धरला गेला. तुम्ही स्वतःच्या कामाची मूल्यमापनं आणि दोन मेल वकिलाला दिल्या असतील तर या निकालाचा हात धरता येईल. सोर्स कोड किंवा ग्राहकांची यादी पेनड्राइव्हवर असेल तर नाही. जे काही असेल ते वकिलाला आजच सांगा. आणि काहीही पुसू नका. घरचे काळजीपोटी सांगतील, "पोस्ट काढून टाक, फोन रिसेट कर." पुरावा नष्ट केल्याचा ठपका मूळ दाव्यापेक्षा जड पडतो. पोस्ट खाली घ्यायचीच असेल तर आधी तिची पूर्ण प्रत जतन करून, वकिलाला विचारून.

मुदतींचं गणित वेगळं सांगते, कारण तुमचे 21 दिवस गेलेत. दाव्याला उत्तर द्यायची मुदत समन्स प्रत्यक्ष हाती दिल्यापासून 30 दिवस, म्हणजे तुमच्याकडे नऊ दिवस उरलेत. अँटी-स्लॅप अर्जाची मुदत 60 दिवस. दोन्ही घड्याळं वेगळी चालतात. "अँटी-स्लॅप करणारच आहोत" म्हणून 30 दिवसांची मुदत गेली आणि एकतर्फी निकालाची नोंद झाली, असं मी पाहिलंय. मुदतवाढ लेखी घ्या किंवा उत्तर दाखल करा. अर्ज दाखल झाला की डिस्कव्हरी थांबते, म्हणजे कंपनीला तुमचा फोन मागता येत नाही, जबानी घेता येत नाही. दावा दुरुस्त करून कंपनीला निसटता येत नाही, आणि दावा मागे घेतला तरी फीचा प्रश्न शिल्लक राहतो. अर्ज मंजूर झाला तर तुमच्या वकिलाची फी कंपनीने देणं बंधनकारक आहे. नामंजूर झाला तर कंपनीला फी तेव्हाच मिळते, जेव्हा अर्ज निव्वळ पोकळ किंवा वेळकाढूपणाचा होता असं कोर्ट ठरवेल.

"पहिल्या फटक्यात उडेल" हे मात्र विसरा. निकाल कोणाच्याही बाजूने लागला तरी लगेच अपील करता येतं, आणि अर्ज फेटाळल्याविरुद्ध अपील झालं की त्या मुद्द्यांवरचं कामकाज खाली थांबून राहतं. अपिलाचा काळ सहज वर्षाच्या पुढे जातो. पैसे कोण भरणार हे शेवटी ठरलं तरी तोवर तुमचा वकील तुम्हालाच सांभाळायचाय. म्हणून एक अगदी साधी गोष्ट: तुमच्या घराच्या विम्यात किंवा अंब्रेला पॉलिसीत (घर-गाडीच्या विम्यावरच्या जादा संरक्षणात) अब्रुनुकसानीच्या दाव्याचं संरक्षण आहे का ते आज बघा. काही पॉलिसींमध्ये ते असतं, आणि विमा कंपनीला वेळेत कळवलं तर वकिलाचा खर्च ती उचलते.

आता कंपनीच्या धमकीकडे. त्यातला काही भाग खरा आहे, म्हणून तो नीट समजून घ्या. 2017 चा पार्क विरुद्ध कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी हा निकाल तुमची ढाल आहे. लॉस एंजेलिसच्या कॅम्पसवरच्या कोरियन वंशाच्या एका सहायक प्राध्यापकाला कायम केलं गेलं नाही, त्यांनी वांशिक भेदभावाचा दावा केला. विद्यापीठ म्हणालं, हा निर्णय समित्यांच्या चर्चा आणि अहवाल यांतून झाला, आणि ते सगळं संरक्षित बोलणं आहे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते नाकारलं. दावा निर्णयावर आहे. निर्णयापर्यंत नेणारं बोलणं हा फक्त पुरावा. नोकरीवरून काढणं, बढती नाकारणं, टीम काढून घेणं हे सगळे निर्णय आहेत.

दोन वर्षांनी विल्सन विरुद्ध सीएनएन आला आणि चित्र थोडं गुंतागुंतीचं झालं. बातम्या लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याला वाङ्मयचौर्याच्या आरोपावरून काढलं होतं. "मूळ हेतू भेदभावाचा होता" असा आरोप केला म्हणून कंपनी पहिल्या पायरीवर आपोआप हरत नाही, असं कोर्टाने ठरवलं. पण त्यात वृत्तसंस्थेच्या मजकुरावरच्या नियंत्रणाचा प्रश्न होता. त्यांना बढती नाकारल्याचे, दुय्यम कामं दिल्याचे मुद्दे तसेच पुढे गेले. तुमची कंपनी हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवते. इंजिनिअर कमी करणं हे तिचं भाषणस्वातंत्र्य आहे हा युक्तिवाद मला तरी उभा राहताना दिसत नाही.

पण तुमचा दावा कसा लिहिला जातो यावर पुष्कळ आहे. "मॅनेजरने मीटिंगमध्ये माझ्याबद्दल खोटं सांगितलं, त्याची भरपाई द्या" असं लिहिलंत की तुम्ही स्वतःच त्यांना बोलण्याचा मुद्दा हातात दिलात. "मला काढलं, कारण मी रजा घेतली होती, मीटिंगमधलं ते वाक्य त्याचा पुरावा" असं लिहिलंत की तो निर्णयावरचा दावा राहतो. वाक्य तेच, जागा वेगळी. माझ्या ऑफिसात प्रत्येक मसुदा दाखल होण्याआधी दुसरा वकील कंपनीच्या नजरेने याच एका गोष्टीसाठी वाचतो.

आणि एक खड्डा, ज्यात मी चांगल्या चांगल्या लोकांना पडताना पाहिलंय. तुम्हाला प्रतिदाव्यात लिहावंसं वाटेल की "कंपनीने माझ्यावर हा दावा लावला, हाच सूड आहे, त्याची भरपाई द्या." थांबा. कोर्टात दावा लावणं हे कंपनीचंही संरक्षित दाद मागणं आहे. त्या एका परिच्छेदावर कंपनी अँटी-स्लॅप अर्ज करेल, पहिली पायरी जिंकेल, आणि तो परिच्छेद उडाला तर तेवढ्यापुरती फी तुमच्या अंगावर येईल. शिवाय तुमची बाकीची केस अपिलात अडकून पडेल. सूडाचा दावा जरूर करा, पण नोकरीवरून काढण्यावर, टीम काढून घेण्यावर. कंपनीच्या दाव्याचा हिशेब कलम 47.1 च्या वाटेने किंवा तो निकाली निघाल्यावर करता येतो.

तुमचा भेदभावाचा दावा केंद्रीय कायद्याखाली असेल, उदाहरणार्थ टायटल सेव्हन (नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा केंद्रीय कायदा), तर फेडरल कोर्टात त्या भागावर राज्याचा अँटी-स्लॅप कायदा चालत नाही. म्हणून काही वकील फेडरल कोर्टात जातात. पण राज्याचा भेदभावविरोधी कायदा भरपाईच्या बाबतीत अधिक उदार आहे, तेव्हा केवळ या भीतीपोटी तो सोडू नका.

तुमच्या नवऱ्याने विचारलंय की टेक्सासला गेलो तर काय. टेक्सासमध्ये 2011 पासून असा कायदा आहे, पण 2019 च्या दुरुस्तीने नोकरीच्या संबंधातून आलेले व्यापारी गुपितांचे आणि कंपनीविरुद्ध न बोलण्याच्या करारांचे दावे त्यातून वगळले. तुमच्यावर दावा कॅलिफोर्नियात झालाय हे या दृष्टीने तुमचं भाग्यच. कंपनीची पुण्यात शाखा आहे आणि तुम्ही तिथूनच इकडे आलात, असंही लिहिलंय. भारतात अँटी-स्लॅपचा स्वतंत्र कायदा नाही. ब्लूमबर्ग विरुद्ध झी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये अशा दाव्यांची दखल घेऊन अंतरिम मनाई हुकूम सहज देऊ नयेत असं बजावलं. पण तिथे अब्रुनुकसानी हा फौजदारी गुन्हाही आहे. पुण्यातून काही नोटीस आली तर तिला इथल्या खटल्याची शेपटी समजून बाजूला ठेवू नका, तिथला वकील वेगळा लावा.

व्हिसाबद्दल: हा दिवाणी दावा आहे. तुम्ही एच-वन-बीवर असाल तर नोकरी संपल्यावर मिळणारा कमाल 60 दिवसांचा काळ त्याच्याशी निगडित नाही; तो नोकरी गेल्याच्या दिवसापासून आपला आपण चालतो, त्यासाठी स्थलांतराच्या वकिलाशी बोला. आणि कंपनीतल्या कोणी तुमच्या व्हिसावरून धमकावलं तर तो मेसेज जपून ठेवा. तक्रारीचा सूड म्हणून अशी धमकी देणं या राज्यात बेकायदा आहे.

वकिलाकडे जाताना हे घेऊन जा: समन्स कोणत्या तारखेला, कोणी आणि कोणाच्या हातात दिलं याची टिपण; तुम्ही सही केलेला गोपनीयतेचा करार, नोकरी सोडताना काही सही केली असेल तर तेही; एचआरच्या मेल तारखेच्या क्रमाने; पोस्टचा स्क्रीनशॉट, खालच्या कॉमेंट्ससकट; आणि दोन रंगांत रंगवलेली दाव्याची प्रत. नऊ दिवसांत शनिवार-रविवारही येतात, तेव्हा उद्या सकाळी पहिला फोन हाच करा.